आभाळ किती प्यालं

लोक त्यांना पाराकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. वस्तीच्या टोकाला, उंचवट्यावर, तारेच्या कुंपणात हवामानाचं एक छोटं केंद्र होतं. शेजारी दोन खोल्यांचं घर. तिथे काका-काकूंचा सगळा संसार झाला. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून विचारायचा, "काका, आज पारा कुठवर?" आणि काका दशांशासकट आकडा सांगायचे. "अंदाजे सांगा हो, चालेल," असं कुणी म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. अंदाज सांगायला हे केंद्र कशाला हवं, तो तुम्ही घरी बसूनही कराल, असं त्यांचं म्हणणं. माणूस नाकासमोर चालणारा, आणि नाकही तसं बऱ्यापैकी सरळ.

कुंपणात पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी होती, तिच्यात तापमापकं. पाऊस मोजायचं नळकांडं होतं. ही दोन्ही काकांची. मधोमध लाकडी चौकटीवर ठेवलेली परात मात्र काकूंची. कागदोपत्री तिचं नाव बाष्पपात्र, पण काकूंनी ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. "घासताना दम लागतो ते पुरे आहे, नाव घेताना कशाला?" म्हणाल्या. परात म्हणजे केवढी, तर दोघांनी हात पसरले तर जेमतेम कवेत येईल एवढी, वीतभर खोल, वर पाखरांनी तोंड घालू नये म्हणून जाळी. आत एक उभा दांडा, त्याला वर बारीक टोक. रोज सकाळी ठरल्या वेळी मापाने पाणी घालायचं, ते त्या टोकाला नुसतं टेकेपर्यंत. जेवढी मापं लागली तेवढं पाणी कालच्या दिवसात उन्हावाऱ्याने नेलं. एवढीच काय ती भानगड. पण ते नुसतं टेकणं भल्याभल्यांना जमायचं नाही. काकांनाही नाही. त्यांचा हात जड, टोक बुडायचंच. काकू शेवटची धार अशी बारीक करायच्या की पाणी टोकाला शिवलं कधी आणि त्या थांबल्या कधी, कळायचंही नाही.

मग काका वही उघडून विचारायचे, "किती प्यालं?"

"सहा मापं आणि वर थोडं. तहान लागलीय मेल्याला."

मेला म्हणजे आभाळ. काका लिहायचे, काकू चहा टाकायला आत जायच्या. वर्षानुवर्षं त्यांची सकाळ अशीच सुरू झाली. भांडण झालेलं असलं, अबोला असला, तरी हे एवढं बोलणं व्हायचंच, कारण त्याच्याशिवाय वहीतला रकाना भरायचा नाही. अबोल्यात काकू फक्त आकडा सांगायच्या आणि मेला हा शब्द काकांकडे बघून म्हणायच्या.

रोजच्या आकड्यांचं वाचन कधी चुकवायचं नाही, म्हणून ही दोघं जोडीने कुठे गेली नाहीत. लग्न असो, दुखवटा असो, एक जाणार, दुसरा राहणार. नात्यात कुजबुज झाली की यांचं आपसांत पटत नाही. मुलगी मोठी झाल्यावर वैतागून म्हणायची, "आई, खरं सांग, तुझी सख्खी मी की ती परात?" काकू शांतपणे म्हणायच्या, "तू. पण ती उलट उत्तर देत नाही."

आभाळाची तहान वाढतेय हे सगळ्यांच्या आधी काकूंच्याच लक्षात आलं होतं. लग्नानंतरच्या उन्हाळ्यांत लागायची त्याहून जास्त मापं पुढे पुढे लागायला लागली, आणि मग ती कमी होईनातच. "अहो," त्या म्हणायच्या, "आपण म्हातारे होतोय आणि हा मेला दिवसेंदिवस तरणा होतोय." मुख्य कार्यालयातल्या मॅडमनी तोवर सगळे आकडे जोडून त्यांची एक रेघ काढली होती. वर चढत गेलेली रेघ. तिची एक प्रत त्यांनी पाठवली, ती काकांनी भिंतीवर लावली. एवढी लांब आणि एवढी स्वच्छ रेघ जवळपासच्या एकाही केंद्राकडे नाही, असं मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या. काकूंनी ती चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या, "चढण आहे की हो. मला वाटायचं माझेच पाय दुखतात."

मग काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, मग गॅस. घरात सगळ्यांनीच हसण्यावारी नेलं, कारण वय झालं की माणसाचं असंच व्हायचं. मग एका सकाळी काकांनी वही उघडून विचारलं, "किती प्यालं?" आणि काकू म्हणाल्या, "भरलं."

"ते दिसतंय गं. किती मापं लागली?"

काकूंनी हातातल्या मापाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "भरलं ना," म्हणाल्या. काकांनी जाऊन बघितलं. पाणी टोकाला टेकलेलं होतं, केसाइतकाही फरक नव्हता. हात सगळं बरोबर करत होते, मोजणी तेवढी गळून गेली होती. त्या दिवशी रकान्यात आडवी रेघ मारताना काकांचा पेन अडला.

दुसऱ्या दिवसापासून परात काकांनी स्वतःकडे घेतली; टोक बुडालं की जास्तीचं पाणी मापानेच परत काढायचे. डॉक्टरांनी औषधं दिली, आणि औषधांचा उपयोग किती हेही सांगून टाकलं. वर्ष सरता सरता काकूंच्या डोक्यातून एकेक माणूस उठून गेलं. मुलगी आली की तिला "बसा हो, बाई" म्हणायच्या. काकांना आधी "अहो" होतं, मग काहीच नव्हतं, मग एक दिवस त्यांनी ताट पुढे सरकवत विचारलं, "तुमचं जेवण झालं का, भाऊ?" काका हो म्हणाले आणि हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले. नळ सोडून रडले. चांगले हुंदके देऊन रडले, आणि रडून झाल्यावर नळ घट्ट बंद केला, कारण पाणी वाया घालवणं त्यांना कधी जमलं नाही.

त्या उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला. "काका, तुमचा पारा चढतोय आणि परात मात्र कमी प्यायला लागलीय. बाकीची सगळी केंद्रं वर चाललीत, तुम्ही एकटेच खाली. जवळ भिंत झालीय का कुठली? झाडाची सावली वगैरे?"

"भिंत नाही, झाड नाही. वारा आहे तसाच आहे."

"मग बघा जरा. मी येऊनही बघते."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी जाळी तपासली, चौकट तपासली, सावली कुठवर येते ते दिवसभर उन्हात उभं राहून पाहिलं. गळती असती तर पाणी जास्त लागलं असतं. इथे कमी लागत होतं, म्हणजे पाणी कुठून तरी येत होतं. पण आभाळात तर ढगाचा ठिपका नव्हता.

उलगडा दुसऱ्या दिवशी नुकतं उजाडताना झाला. काकांना जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण मोकळं होतं आणि दार उघडं होतं. ते अनवाणीच बाहेर धावले.

काकू कुंपणात होत्या. स्वयंपाकघरातला जग घेऊन परातीवर वाकलेल्या. धार बारीक होत होत थांबली. त्यांनी गुडघे मोडून डोळे पाण्याच्या पातळीला आणले, टोक बघितलं, समाधानाने मान हलवली. मग त्यांची नजर फाटकातल्या काकांवर पडली.

"अहो," काकू म्हणाल्या, "भरलं."

कितीतरी महिन्यांनी आलेला तो शब्द होता. काकू पुढे म्हणाल्या, "असे काय उभे? चप्पल कुठंय तुमची? खडे टोचतील." आणि जग घेऊन घराकडे निघाल्या. उंबरा ओलांडून आत आल्यावर त्यांनी काकांकडे पाहून, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "कुणाला भेटायचंय आपल्याला?"

असं रोज होत होतं. घरात काका कुणीच नव्हते, आणि परातीपाशी ते अहो होते. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. काकांना कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. ते आता उजाडायच्या आत उठून फाटकाशी जाऊन थांबायचे. जग घेऊन काकू यायच्या, भरायच्या, वळायच्या आणि म्हणायच्या, "अहो, भरलं." कधी वर आणखी एखादं वाक्य मिळायचं. दाढी वाढलीय, म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "फार प्यालं हो काल." त्या वाक्यावर काकांचा आठवडा निघाला.

काही दिवस काकांनी मागे उभं राहून किती जग गेले ते मोजून पाहिलं. पण काकूंची वेळ ठरलेली राहिली नाही. कधी उजाडताना, कधी भर दुपारी, कधी दिवसातून दोनदा. जगही कधी अर्धा, कधी सांडलेला. असला आकडा वहीत लिहिणं म्हणजे अंदाज लिहिणं, आणि ते काकांच्या हातून होणं शक्य नव्हतं. कमी लागलेल्या मापांत मनाने चार मापं वाढवून लिहिणंही शक्य नव्हतं. त्यांनी रकान्यात आडव्या रेघा मारायला सुरुवात केली.

मुलगी आली, तिने चार दिवस पाहिलं आणि सरळ सांगितलं, "बाबा, फाटकाला कुलूप लावा. ती पडली बिडली एखाद्या दिवशी तर? आणि तुमची आयुष्यभराची मेहनत बघताबघता पाण्यात चाललीय."

"तुला ती काय म्हणते?"

"बसा हो बाई, म्हणते. तुम्हाला माहितीये."

"मला ती तिथे अहो म्हणते," काका म्हणाले. जाताना मुलीने आईच्या पायांत मागे पट्टा असलेल्या चपला घातल्या, खडे टोचू नयेत म्हणून.

ठरल्याप्रमाणे मॅडम आल्या. फोनवरच्या आवाजावरून काकांना त्या उंच वाटल्या होत्या, पण त्या ठेंगण्या आणि धापा टाकणाऱ्या निघाल्या. चहा पुढे करून काकांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मॅडमनी भिंतीवरची रेघ पाहिली, मग खिडकीतून परातीकडे पाहिलं.

"काका, रागावू नका, पण एक सुचतंय. आमच्याकडे एक जुनी परात पडून आहे. घरामागे ठेवू. काकू तिच्यात भरतील, तुम्ही खऱ्या परातीचं वाचन घ्या. दोघांचंही होईल."

काकांना ते पटलं. ते आपल्याला आधी का नाही सुचलं, म्हणून ते स्वतःवरच चिडले. परात आली. काकांनी तशीच चौकट ठोकली, तसाच टोकाचा दांडा बसवला, जाळीसुद्धा तशीच ओढली. दुसऱ्या दिवशी काकूंचा हात धरून त्यांना घरामागे नेलं. त्यांनी परातीभोवती एक फेरी मारली. जाळीवर बोट फिरवलं. काठावर जिथे पूर्वी कधीतरी बादली आपटून पोचा पडला होता, तिथे हात नेला, आणि तिथे पोचा नव्हता.

"ही आपली नाही," काकू म्हणाल्या. मग काकांकडे रोखून पाहिलं. "तुम्ही कोण?"

काकांनी आणखी दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी काकू घरामागे यायलाच तयार होईनात, अंगणात उभ्या राहून लहान मुलासारख्या रडायला लागल्या, आणि हातातला जग काही सोडेनात. काकांनी फाटक उघडलं. काकू आत गेल्या, भरलं, वळल्या. डोळे अजून ओलेच होते. "अहो," म्हणाल्या, "कुणीतरी आपली परात बदलायला बघतंय. लक्ष ठेवा."

"ठेवतो," काका म्हणाले.

त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि सरळच बोलल्या, कारण आडपडदा ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "काका, हे वर्ष संशयास्पद म्हणून बाजूला काढता येईल. त्याने रेघ तुटणार नाही. पण पुढे असं चालवता नाही येणार. एकतर कुलूप, नाहीतर परातीची नोंद बंद. पारा आणि पाऊस चालू राहील. बंद करायची म्हणजे... आम्ही किती गोष्टी त्या रेघेवर ताडून बघतो, तुम्हाला कल्पना आहे. आत्ताच तर ती खरी उपयोगाची झालीय. ऊन असं चढत असताना."

"कल्पना आहे, मॅडम."

"दोन दिवस विचार करा."

"विचार करून झालाय," काका म्हणाले. "परात बंद करा."

मॅडम म्हणाल्या, "ती रेघ काकूंचीच आहे, काका. तुम्ही तर नुसते लिहिणारे." त्या हे चिडवायला म्हणाल्या की रडू आवरायला, ते काकांना कळलं नाही. पण बोलणं खरं होतं, आणि त्यांना बरं वाटलं. कागद आला, काकांनी सही केली. वहीतल्या शेवटच्या रकान्याखाली त्यांनी तारीख घातली आणि परातीची पानं दोऱ्याने बांधून टाकली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पुढचे काही आठवडे मात्र सुखाचे गेले, उगाच खोटं कशाला बोला. मोजायची कटकट नाही, वेळेचं बंधन नाही. काका फाटक सताड उघडं ठेवायचे. काकू जेव्हा येतील तेव्हा मागोमाग जायचे. ऊन मी म्हणत होतं, परात भराभर आटत होती, आणि काकूंना दिवसातून तीनदा भरावी लागायची. दर खेपेला एक अहो. काका मनात म्हणायचे, पी बाबा, हवं तेवढं पी, आज पहिल्यांदाच तुझी तहान कामी आली. आयुष्यभर ज्या चढणीची त्यांना काळजी वाटत आली, तीच त्या दिवसांत त्यांना हवीहवीशी वाटायची, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

एका सकाळी काकू उठल्या नाहीत. आजारी नव्हत्या, जाग्या होत्या, छताकडे बघत पडल्या होत्या. काका फाटकाशी वाट बघून परत आले. दुपारीही त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काकांनीच जग भरला, काकूंच्या हातात दिला, पायांत चपला घातल्या आणि हाताला धरून त्यांना कुंपणात नेलं. परातीतलं पाणी खाली गेलं होतं, दांड्याचं टोक उघडं पडलं होतं. काकूंनी जग दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि कौतुकाने परातीकडे पाहिलं.

"केवढी मोठी परात," म्हणाल्या. "कुणाची हो?"

"आपली," काका म्हणाले. "तुझी."

काकू संकोचून हसल्या, परक्या माणसाने भलतंच काही देऊ केल्यासारख्या. काकांनी त्यांचा हात पोच्यावर ठेवला. बोटं तिथे नुसती पडून राहिली.

"किती प्यालं?" काकांनी विचारलं. "सांग की. किती प्यालं?"

"कोण?" काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांच्या हातून जग काढून घेतला. त्यांना घरात आणलं, बसवलं, पाय पुसले. त्यानंतर त्यांनी रोज एकदा फाटकापाशी जाऊन बघितलं, कुणी जग घेऊन येतंय का. मुलीला त्यांनी फोनवर काही सांगितलं नाही. आईने आज खाल्लं बरं का, एवढंच सांगत राहिले.

आणि मग मॅडमचा फोन आला. आधी पावसाच्या आकड्याबद्दल काहीतरी विचारलं, मग जरा चाचरत म्हणाल्या, "काका, विचारू नये, पण विचारते. काकू अजून जातात का पाणी घालायला? नाही म्हणजे, जात नसतील तर या महिन्यापासून नोंद पुन्हा सुरू करू शकतो. मधली फट फार मोठी नाही, सांधता येईल. रेघ वाचेल काका."

काकांनी भिंतीवर पाहिलं. रेघ जिथे संपत होती तिथून पुढचा कागद कोरा होता. आतल्या खोलीत काकू खिडकीशी बसल्या होत्या, बाहेर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाकडे बघत होत्या की नुसत्याच, ते सांगता येत नव्हतं. वाचवण्यासारखं एक अजून शिल्लक होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते खरंच होतं. पण ते एकदा तोंडातून गेलं असतं की कार्यालयात लिहिलं गेलं असतं, तारखेसकट, आणि मग त्या तारखेनंतर अहो म्हणणारं कुणी नाही हे काळ्या दगडावरची रेघ झालं असतं.

"जातात, मॅडम," काका म्हणाले. "रोज जातात."

सबंध नोकरीत त्यांनी केंद्राला सांगितलेली ही एकुलती एक खोटी नोंद.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. खरोखर बरं वाटल्यासारखा आवाज होता. "तब्येतीला जपा दोघंही."

फोन ठेवून काकांनी जग भरला आणि कुंपणात गेले. परातीचा तळ आता पांढरट, खरखरीत झाला होता. विहिरीवर जावं तशा त्यांनी नळापासून परातीपर्यंत खेपा घातल्या. पाणी चढत आलं, टोकाजवळ आलं, तशी त्यांनी धार बारीक केली, काकू करायच्या तशी. थेंब थेंब सोडत ते वाकून राहिले, पाठ भरून आली तरी राहिले, आणि पाणी टोकाला नुसतं टेकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते जमलं होतं. किती जग लागले ते त्यांनी मोजलं नाही.

ते वळले. खिडकीत काकू होत्या.

"अगं," काका म्हणाले, "भरलं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाला द्यावं तसं एक सभ्य हसू दिलं. काकांनी रिकामा जग उचलला. इतके दिवस सताड उघडं ठेवलेलं फाटक ओढून घेतलं, कडी लावली आणि चहा टाकायला आत गेले.